मुक्काम पेठेत पडू दे

साताऱ्याला येणारे बहुतेक पर्यटक सातारा बघतच नाहीत. पुण्याहून निघालेली गाडी महामार्ग सोडून आत येते, पोवई नाक्यावर वाट विचारते, राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे चढते आणि तिथून कासकडे जाणाऱ्या यवतेश्वरच्या घाटाला तरी लागते, नाहीतर बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरच्या रस्त्याला. रात्र कास रस्त्यावरच्या रिसॉर्टमध्ये जाते किंवा पाचगणी-महाबळेश्वरला. शहराच्या वाट्याला काय येतं? हॉर्न, धूर आणि पाव किलो कंदी पेढे. अलीकडे पेढेही महामार्गावरच मिळतात, त्यामुळे तेवढंही येतंच असं नाही.

माझं म्हणणं असं की साताऱ्याला चांगली हॉटेलं हवीत आणि ती जुन्या पेठांत हवीत. आठ-दहा खोल्यांची, जुन्या वाड्यांतून उभी राहिलेली, देखणी, आणि थोडी महाग असली तरी चालतील. कास-यवतेश्वरच्या बाजूला मात्र एकही नवी खोली नको. ही दोन्ही वाक्यं एकत्र घ्यायची आहेत. पहिलं घेऊन दुसरं सोडलं तर हाती फक्त आणखी एक धंदा येईल. दुसरं घेऊन पहिलं सोडलं तर ती बंदी कुणी पाळणार नाही, कारण पर्यटक तर येणारच आहेत आणि त्यांना कुठेतरी झोपायचंच आहे.

आधी पठाराचं बोलू. कासचं पठार शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास होतं. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, म्हणजे मोजके आठवडे. हॉटेल मात्र वर्षाचे बारा महिने कर्जाचे हप्ते भरत असतं. म्हणून उरलेल्या दिवसांत खोल्या भरण्यासाठी पोहण्याचा तलाव येतो, डीजे येतो, रात्रभर दिवे येतात, 'व्हॅली व्ह्यू'साठी डोंगराची कड तासली जाते. खाली जांभा दगड, त्यावर बोटभर माती. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. अशा जमिनीत शोषखड्डा खणला की त्यातलं सांडपाणी कुठे निघेल हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. आणि सातारकरांनी हे तरी विसरू नये की आपल्या निम्म्या पेठा कास तलावाचंच पाणी पितात. ते पाणी उताराने येतं, पंप लावावा लागत नाही, याचा आपल्याला केवढा अभिमान!

या रस्त्यावरच्या बांधकामांच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. नोटिसा निघतात, मोजणी होते, कुणीतरी स्थगिती आणतं, पुढच्या मोसमात त्याच जागेवर नवा फलक दिसतो. नुसत्या मनाईने हे थांबलेलं नाही. मागणी आहे तोवर खोल्या निघत राहणार. प्रश्न फक्त कुठे निघणार एवढाच.

आता खाली शहरात या. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली झाला आणि पुढे त्यांच्याच काळात अजिंक्यताऱ्याच्या कुशीत शहर वसत गेलं. वारांच्या नावांच्या पेठा, यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, हौद, तळी, आणि छत्रपतींच्या राजधानीला लागणारे सगळे लोक: कारकून, सावकार, वैद्य, भिक्षुक, सराफ, शिलेदार. त्यांनी आपापल्या ऐपतीने वाडे बांधले. दगडी जोतं, वर भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या, नाहीतर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, मधे चौक, मागे परसदार आणि आड. हे राजवाडे नव्हते. पण साताऱ्याचा चेहरा याच घरांनी घडवला.

आज त्यांची अवस्था काय आहे हे पेठेत राहणाऱ्या कुणालाही विचारा. मालमत्ता पत्रकावर अकरा नावं, त्यांतली चार पुण्यात, दोन अमेरिकेत, एक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या दोन खोल्यांत जुना भाडेकरू, भाडं इतकं की त्यात एक कौल बदलता येत नाही. पावसाळ्यात मागची भिंत फुगते, पुढच्या पावसाळ्यात कोसळते. मग एक दिवस बिल्डर येतो, प्रत्येक हिस्सेदाराला एक फ्लॅट नाहीतर रोकड देतो आणि महिन्याभरात जागा साफ. लाकूड जुन्या सागवानाचा व्यापारी उचलतो. कोरीव खांबांना वेगळा भाव मिळतो. तेच खांब पुढे कुठल्यातरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात, सिमेंटच्या कॉलमला चिकटून उभे असतात. वाड्याचं लाकूड डोंगरावर जातं आणि त्या लाकडाकडे बघायला पर्यटक डोंगरावर जातो. याहून उलटा कारभार शोधून सापडणार नाही.

वाडे जतन करावेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या सभांना मीही जातो. तिथे बहुतेक वेळा शेवट 'शासनाने ताब्यात घेऊन संग्रहालय करावं' या मागणीने होतो. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्याला हे शोभतं. त्याला घाट आहे, इतिहास आहे, लोक वाईहून मुद्दाम वाट वाकडी करून जातात. पण मंगळवार पेठेतल्या एखाद्या कारकुनाच्या वाड्याचं संग्रहालय करून त्यात ठेवणार काय? एक पितळी घंगाळ आणि एक अडकित्ता? आणि मग तिथे येणार कोण? जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली, तेव्हा ती पाहायला बाहेरगावचे लोक आले. पाहून झाल्यावर त्यांनी पेठेत थांबावं असं काही आपण त्यांच्यासाठी मांडून ठेवलेलं नव्हतं.

घर टिकतं ते वापराने. प्रतापसिंह महाराजांनी १८२४ साली बांधलेल्या जुन्या राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव याच सातारच्या सरकारी शाळेच्या पटावर चढलं. शाळेची वर्दळ नसती तर त्या इमारतीकडे इतकी वर्षं कुणी लक्ष दिलं असतं असं मला वाटत नाही. इथेच एक कुंपण घालतो: राजवाड्यासारख्या सार्वजनिक वास्तूचं हॉटेल करायला माझा ठाम विरोध आहे, कितीही मोठी कंपनी, कितीही चांगला आराखडा आणला तरी. ती सगळ्यांची जागा आहे, तिच्या दारात कुणी दर विचारायचं कारण नाही. मी बोलतोय ते खाजगी मालकीच्या, पडायला आलेल्या, नाव नसलेल्या घरांबद्दल.

बुटीक हॉटेल हा प्रकार जगात मोठा झाला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये आणि १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या मोजक्या हॉटेलांपासून. तोवर मोठ्या साखळी हॉटेलांचं ब्रीद होतं की कुठल्याही गावात उतरा, खोली तीच मिळेल. या छोट्या हॉटेलांनी नेमकं उलट विकलं. खोल्या थोड्या, प्रत्येक निराळी, जुनी इमारत, शहराच्या मध्यात, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गाव सुरू. आपल्याकडे मात्र यातलं फक्त नाव उचललं गेलं. फलकावर 'बुटीक' आणि आत तेच पीओपीचं छत, निळी दिव्यांची पट्टी, सनमायका, पलंगावर टॉवेलचा हंस. साताऱ्याच्या आसपास त्यात भर पडते ती फायबरच्या मावळ्याची. तो भाला घेऊन स्वागतकक्षात उभा असतो आणि त्याच्या पायाशी पैसे भरायचा क्यूआर कोड. छत्रपतींच्या राजधानीत हे बघवत नाही.

खऱ्या वाड्याला सजावट लागत नाही. दिंडी दरवाज्यातून वाकून आत गेलं की चौकातला उजेड अंगावर येतो, कडीपाटाखाली उन्हाळ्यातही गारवा असतो, माडीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. पण त्याला हॉटेल करणं सोपं आहे असं समजू नका. सगळ्यांत अवघड काम न्हाणीघराचं. जुन्या घरात न्हाणी आणि संडास परसात असत. भिंतींना रोजच्या पाण्याची सवय नाही. पाहुण्याला खोलीलगत बाथरूम हवं, गरम पाणी हवं. उत्साही मालक भेंड्याच्या भिंतीतच खाच मारून पाइप घालतो, वर सिमेंटचा गिलावा आणि टाइल. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, आतली माती भिजत राहते, तुळईचं टोक कुजतं आणि पाच-सात वर्षांत भिंत पोटातून बसते. जाणकार गवंडी सगळी न्हाणीघरं परसाच्या बाजूला एकावर एक घेतात, त्यांचा सांगाडा जुन्या भिंतीपासून सुटा ठेवतात, पाण्याची टाकी जुन्या लाकडावर चढवत नाहीत आणि गिलावा चुन्याचाच करतात. असं काम जाणणारे हात साताऱ्यात आता फार थोडे उरलेत. चार वाडे नीट दुरुस्त झाले तर त्या हातांखाली पोरं तयार होतील. हा हॉटेलांचा एक फायदा माझ्या मते पैशांहून मोठा आहे.

तरी पैशांचं बोललंच पाहिजे, कारण हिस्सेदार सभेतल्या भाषणांवर सही करत नाहीत. समजा आठ खोल्या, दर चार हजार, आणि वर्षभरात सरासरी निम्म्या खोल्या भरल्या. उलाढाल होते ५८ लाखांच्या आसपास. पगार, वीज, धुलाई, बुकिंगच्या ॲपचं कमिशन, दुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता हे सगळं त्यातून जायचं. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याने पाहुण्याचं बिल थोडं हलकं झालं. पण मालकाला खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून दुरुस्तीत ओतलेला कर अंगावरच पडतो. उरतं ते एका कुटुंबाला बरं उत्पन्न. अकरा हिस्सेदारांना मात्र किरकोळच. बिल्डर देतो ती रक्कम एकरकमी आणि आज. खरं सांगायचं तर निव्वळ हिशेबात आजही बिल्डरच जिंकतो.

म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आहे. वाडा उभा राहिल्याचा फायदा सगळ्या शहराला आणि तो उभा ठेवण्याचा खर्च एका घराला, असं असेल तर शहराने काही भार उचलायला हवा. अहमदाबादने हे करून दाखवलं आहे. तिथली कोटाच्या आतली जुनी वस्ती २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर ठरली. तिथल्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधल्या, लाकडी घरांच्या मालकांना महापालिका हस्तांतरणीय विकास हक्क देते. म्हणजे आपल्या जागेवर जितकं जास्त बांधता आलं असतं, तो हक्क मालक दुसरीकडच्या बांधकामासाठी विकू शकतो आणि ते पैसे घराच्या दुरुस्तीत घालतो. कित्येक हवेल्यांत आज पाहुणे उतरतात. साताऱ्याची हद्दवाढ २०२० साली झाली, शाहूपुरी-विलासपूरसारखा मोठा भाग शहरात आला. म्हणजे असे हक्क खपवायला जागाही आहे. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत वारसा वास्तूंच्या जतनाचं प्रकरण आहे. पण त्याचा उपयोग यादीत नाव असलेल्या वास्तूला. तेव्हा पहिली पायरी पेठांमधल्या वाड्यांची घरोघर फिरून केलेली यादी. त्यासाठी सल्लागार कंपनी नेमायचं कारण नाही. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आणि पेठेतले दोन-चार म्हातारे एकत्र बसवले तर एका उन्हाळ्यात काम होईल.

केंद्राच्या पर्यटन खात्याच्या वर्गवारीत १९५० पूर्वीच्या वास्तूला हेरिटेज हॉटेलचा दर्जा मिळू शकतो आणि किमान पाच खोल्या असल्या तरी चालतात. राज्याची 'निवास व न्याहारी' योजना त्याहून लहान घरांसाठी आहे. सरकारी चौकट अगदीच नाही असं नाही. अडतं ते खाली, अर्ज घेणाऱ्या टेबलावर. अग्निसुरक्षेची अट घ्या. ती हवीच, लाकडी घरात तर जास्तच हवी. पण नवी सिमेंटची इमारत डोळ्यांपुढे ठेवून केलेली मोजमापं दीडशे वर्षांच्या जिन्याला लावली तर परवानगी मिळणारच नाही. मग मालक एक तर जिना तोडतो, नाहीतर परवानगीशिवाय धंदा सुरू करतो. दुसरी गोष्ट जास्त घडते. त्यापेक्षा पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा, धुराची सूचना देणारी यंत्रणा, स्वयंपाकघर मुख्य घरापासून सुटं, अशा पर्यायी अटी लेखी ठरवून द्या.

आता आक्षेप. सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो गाड्यांचा. पेठेतल्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, तिथे पर्यटकांच्या मोठाल्या गाड्या कुठे मावायच्या? मावू नयेतच. गाडी पेठेबाहेर वाहनतळावर राहील, पाहुणा आणि त्याच्या बॅगा रिक्षाने येतील, असं हॉटेलच्या परवान्यातच लिहावं. ज्याला दारात गाडी हवी त्याने महामार्गावर उतरावं, तिथे भरपूर जागा आहे. "आणि आमच्या बोळात रात्री दारूचा दंगा?" असं एक काकू विचारत होत्या. याचंही उत्तर तेच. आठ खोल्यांच्या हॉटेलला बार लागत नाही, लग्नाचं लॉन तर नाहीच नाही.

चार हजारांच्या खोलीत सातारकर कधी राहणार, असंही विचारलं जातं. नाही राहणार. स्वतःच्या गावात हॉटेलात कोण राहतं? स्टँडजवळच्या लॉजमध्ये कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी उतरतो, ती लॉजं राहतीलच, त्यांची गरजही वेगळी आहे. माझ्यापुरता मुद्दा असा की चार हजार देणारा माणूस आजही जिल्ह्यात येतोच, फक्त तो पैसे कुठे सोडतो ते बदलायचं आहे. रिसॉर्टला उतरलेला माणूस नाश्ता, जेवण, खेळ, सगळं एकाच कुंपणाच्या आत घेतो. पेठेत झोपलेला माणूस सकाळी उठून इतर सातारकरांबरोबर अजिंक्यतारा चढेल नाहीतर 'चार भिंती' या स्मारकापर्यंत जाऊन येईल, उतरून मिसळ खाईल, मोती चौकात पेढे घेईल, संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवर उभा राहील. दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास हिल मॅरेथॉनला देशभरातून धावपटू येतात, तेव्हा एका रविवारपुरतं हे घडतंही. तेव्हा पेठेतल्या माणसांच्या चेहऱ्यावर वैताग कमी आणि यजमानपण जास्त दिसतं.

एक आक्षेप मात्र मला खरोखर भारी वाटतो. हॉटेलं चालली तर पेठेतून माणसंच जातील. बार्सिलोनात पर्यटकांना दिलेल्या घरांमुळे भाडी इतकी चढली की तिथल्या पालिकेने अशा सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलं. सातारा म्हणजे बार्सिलोना नव्हे हे खरं, पण आपल्याकडे माणसं घालवायला एवढ्या पर्यटकांची गरजही लागत नाही. पुढच्या दोन खोल्यांत राहणारा तो जुना भाडेकरू आठवा. त्याचं भाडं नाममात्र असेल, तरी त्याचं आयुष्य त्या पेठेत गेलंय, त्याच्या बायकोची शिकवणी किंवा पोळी-भाजीचा धंदा त्याच गल्लीवर चालतो. वाडा दुरुस्त करायच्या नावाखाली त्याला बाहेर काढणं आणि वाडा पाडून बाहेर काढणं, यांत त्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. विकास हक्क, करसवलत, जे काही शहर देईल ते या एका अटीवर द्यावं: राहतं कुटुंब हलवलं जाणार नाही, किंवा त्याच पेठेत त्याला तेवढंच घर मिळेल, तेही आधी. पेठेत अशी हॉटेलं किती असावीत याचीही मर्यादा हवी. एका गल्लीत एक पुरे. रस्त्याकडेच्या ओट्यावर शिंपी किंवा किराणा दुकान असेल तर ते तिथेच राहावं. चांगल्या हॉटेलला त्याची लाज वाटायचं कारण नाही, उलट पाहुण्याला रात्री दहा वाजता दंतमंजन लागलं तर तो किराणावालाच उपयोगी पडतो.

बाहेरची मोठी कंपनी येऊन वाडे घेत सुटेल ही भीतीही मी ऐकतो. आठ खोल्यांत मोठ्या कंपनीला फारसा रस नसतो, तिचं गणित साठ-सत्तर खोल्यांशिवाय जमत नाही. म्हणून खोल्यांची मर्यादा हीच खरी राखण आहे. शेजारचे तीन वाडे जोडून एक करायला मात्र परवानगी नको, नाहीतर ती मर्यादा कागदावरच राहील.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांत आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. माणसं आणखी वाढणार. त्यांच्यासाठी खोल्या बांधायचे प्रस्ताव आत्ताच कुठल्यातरी फायलीत असतील, आणि पैज लावतो, त्यांतले बहुतेक डोंगराच्या उतारावरचे असतील. नगरपालिकेने निदान एका वाड्यावर प्रयोग करून बघावा. ज्याचे हिस्सेदार एकमताने तयार आहेत, ज्यात भाडेकरूचा प्रश्न नाही किंवा मिटलेला आहे, असा एक वाडा निवडावा. सगळ्या परवानग्या एका टेबलावर, ठरलेल्या मुदतीत द्याव्यात आणि पहिल्या तीन वर्षांचा हिशेब लोकांपुढे ठेवावा. तो आतबट्ट्याचा निघाला तर माझं म्हणणं मागे घ्यायला मी तयार आहे. पण त्या तीन वर्षांत यवतेश्वरच्या वर एकाही नव्या बांधकामाला हात लावू देऊ नये, नाहीतर तुलना कशाशी करायची?